खुर्चीवरची पर्स

"या वर्षी तू आमच्या रांगेत बसू नकोस, मॅक्सीन. आजी फ्लोरिडाहून येतेय. तिला त्रास होतो."

अवीवा हे बोलली ती मॅक्सीनच्याच स्वयंपाकघरात उभी राहून, मॅक्सीननंच केलेल्या मधाच्या केकचा तुकडा तोंडात घोळवत! मॅक्सीनच्या हातातली सुरी केकमध्येच थांबली. यहुद्यांचं नवं वर्ष गोड जावं म्हणून हा मध, म्हणून ही सफरचंदं... आणि तोंडातून निघालं काय, तर हे!

"कसला त्रास? मी घोरते का प्रार्थनेत?"

"तुला ठाऊक आहे कसला." अवीवानं बोटं चाटली. "मागे हीटरजवळची चांगली जागा काढून ठेवते तुझ्यासाठी."

"उपकार झाले हो, अध्यक्षीणबाई!"

अवीवा खरंच अध्यक्षीणबाई होती. गावातल्या एकुलत्या एका सिनेगॉगचा कारभार दोन वर्षांपासून तिच्या हातात होता. आणि ही अध्यक्षीणबाई चार वर्षांची असताना, नुकतीच आई गेलेली, दोन्ही मोजे वेगवेगळ्या रंगांचे, नाक वाहतंय, अशा अवस्थेत बापाच्या पायामागून मॅक्सीनकडे टकामका बघत होती... मॅक्सीननं मिल्टनशी लग्न केलं ते खरं तर त्या मोज्यांकडे बघून. स्वतःचं मूल होऊ दिलं नाही. आपलं-परकं असा भेद आपल्याच काळजात उगवला तर काय घ्या, या भीतीनं! हे मिल्टनला माहीत होतं, आणि मिल्टन आता मातीखाली होता. अवीवानं मात्र तिला जन्मात कधी आई म्हटलं नाही. मॅक्सीन म्हणजे मॅक्सीन. दूधवाल्याला नावानं हाक मारावी तसं.

केकचा डबा काखोटीला मारून अवीवा गेली. डबा न्यायला विसरली नाही!

मॅक्सीननं सुरी धुतली, आणि गावाला शिव्या घालत बसली. तिला दुसरा उद्योग काय होता? शरद ऋतू लागला, झाडांची पानं तांबडी झाली, की या गावच्या यहुद्यांना एकदम देव आठवतो. वर्षभर सिनेगॉगची पायरी न चढलेले दातांचे डॉक्टर आणि वकील पांढरेशुभ्र कपडे घालून पहिल्या रांगेसाठी धक्काबुक्की करतात. योम किपूरच्या उपासाला चामडं पायात घालायचं नाही, म्हणून बायका कापडी बूट घालतात, पण ते बूट असे की त्या किमतीत गाय यावी! शिवाय अवीवाच्या कारकिर्दीत उपक्रमांचा नुसता सुळसुळाट झालेला. बागेत जाऊन सफरचंदं तोडण्याची सहल काय, सुक्कोतच्या सणाचा मंडप सजवण्याची स्पर्धा काय, पोरांसाठी पुठ्ठ्याची रणशिंगं काय... आणि सगळ्यांवर कडी म्हणजे तो क्षमेचा फळा!

उपासाच्या आधी, ज्याचं मन दुखावलं असेल त्याच्या दारात जायचं, त्याच्या डोळ्यांत बघून क्षमा मागायची, ही जुनी रीत. देवाचा अपराध देव माफ करील, माणसाचा माणसानंच करायचा. पण दारात जायला वेळ कुणाला आहे? म्हणून अवीवाच्या समितीनं सिनेगॉगच्या बाहेरच्या दालनात एक फळा लावला. रंगीत चिठ्ठीवर लिहायचं, 'कळत-नकळत कुणाला दुखावलं असल्यास क्षमस्व', आणि चिकटवून मोकळं व्हायचं. खाली नाव नाही, वर नाव नाही.

"कळत-नकळत म्हणे!" फळ्यापुढे उभी राहून मॅक्सीन मोठ्यानं म्हणाली होती. "अरे मेल्यांनो, कळत तर होतं तुम्हाला सगळं!"

मॅक्सीनच्या तोंडाला लागायचं नाही, हे गाव केव्हाच शिकलं होतं. आणि पाठीमागे काय बोलायचं, तेही. 'मेलेल्या बाईची खुर्चीसुद्धा सोडली नाही हिनं!'

खुर्ची... त्या एका खुर्चीनं तिच्या आयुष्याची होळी केली!

योम किपूरच्या दुपारी यिझ्कोर असतं, गेलेल्या आईबापांचं स्मरण. ज्यांचे आईबाप दोघेही हयात आहेत, त्यांनी त्या वेळी उठून बाहेर जायचं, दार लावून घ्यायचं. आत बसलात तर जिवंत आईबापांना नजर लागते, अशी भीती. धर्मात तसं कुठं लिहिलेलं नाही म्हणतात, पण मोठमोठे शिकलेले लोकसुद्धा झटकन उठतात! तेव्हा मॅक्सीनचे आईबाप दोघेही धडधाकट होते. ती बाहेर. आणि सहा वर्षांची अवीवा आत, आजीशेजारी. दोघींच्या मधली अवीवाच्या आईची खुर्ची रिकामी. ती कुणी घेऊ नये म्हणून आजी बर्निस, अवीवाच्या आईची आई, खुर्चीवर आपली काळी पर्स ठेवायची.

त्या वर्षी दाराआडून पोरीचा हंबरडा ऐकू आला. "शू... शू..." लोक तिला गप्प करत होते. बर्निस दातओठ खात म्हणत होती, "चारचौघांत शोभा करू नकोस!" आणि पोर आणखीच ऊर फोडून रडत होती. मॅक्सीन दाराकडे वळली... उपासानं थकून बाहेर बाकावर बसलेल्या तिच्या म्हाताऱ्या आईनं तिचा दंड धरला, "आत जाऊ नकोस, मला मारायला निघालीस का?" पण मॅक्सीननं दंड सोडवला, दार ढकललं, सरळ त्या रांगेत गेली, पर्स उचलून जमिनीवर ठेवली, खुर्चीत बसली आणि पोरीला मांडीवर घेतलं. प्रार्थना संपेपर्यंत, सगळ्या गावाच्या नजरा झेलत!

बर्फ पडायच्या आत मॅक्सीनची आई गेली. छातीत कळ आली आणि खेळ आटोपला. स्मशानातच धाकट्या बहिणीनं, डोरिसनं बोट रोखलं, "तू मारलंस तिला! कुणाच्या तरी पोरीसाठी!" त्यानंतर डोरिस तिच्याशी एक अक्षर बोलली नाही. आणि पलीकडे बर्निस नातीला जेवणाच्या घासाबरोबर भरवत राहिली, "तुझ्या आईची जागा बळकावायला आली होती ती. मेलेलीला एक दिवससुद्धा बसू दिलं नाही!" पोरीनं तेच खरं मानलं. मॅक्सीननं खुलासा केला नाही. काय करणार? सहा वर्षांच्या जिवाला सांगणार, की तुझ्या रडण्यापायी माझी आई गेली म्हणतात? तो धोंडा तिनं स्वतःच्या गळ्यात बांधून घेतला... आणि तेव्हापासून, स्वतः पोरकी होऊनही, ती कधी यिझ्कोरला आत बसली नाही. तेवढा वेळ बाहेर जाऊन उभी राहायची. गाव त्यालाही हसलं. 'सख्ख्या आईचं स्मरण नको हिला!'

उपास सुरू व्हायच्या आदल्या दुपारी अवीवा पुन्हा आली. दुसऱ्या संध्याकाळी सगळ्या मंडळींचा उपास सोडवायला शेवयांचं कुगेल मॅक्सीनच करायची, मोठमोठी ताटं भरून. जिच्या शेजारी बसायची लाज वाटते, तिच्या हातचं गिळायला लाज नाही! अवीवा ताटं गाडीत नेण्यासाठी उचलतच होती, तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

दारात काठी टेकत डोरिस उभी होती. डोरिस! केस पांढरे, मान हलतेय.

"फळा तिकडे आहे, सिनेगॉगमध्ये," मॅक्सीन म्हणाली. "चिठ्ठ्या फुकट मिळतात."

"मला माहीत होतं तू असंच बोलशील." डोरिस धापा टाकत खुर्चीत बसली. अवीवा ताट घेऊन निघाली, तर डोरिसनं काठी आडवी घातली. "थांब गं. तूही ऐक. तुझ्यामुळेच झालं होतं."

"माझ्यामुळे? काय?"

"ही त्या यिझ्कोरला तुझ्यापाशी आत येऊन बसली ना, तेव्हा आमची आई जिवंत होती. बापही जिवंत होता. तरी बसली! तू रडत होतीस म्हणून. आणि दोन महिन्यांत आई गेली, तेव्हा मी म्हटलं, हिनं मारलं. आमच्या नातलगांत सांगत सुटले."

अवीवाच्या हातातलं ताट हळूच टेबलावर आलं. "मी रडत होते? आजी तर म्हणते, मी शांत बसले होते आणि ही..."

"शांत? बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं! ही आईचा हात झटकून धावली, आणि उघड्या दारातून मी पाहिलं, तुझी आजी तुला चिमटे काढत होती." डोरिसचा आवाज फाटला. "मॅक्सीन, आईला उन्हाळ्यापासून छातीत दुखत होतं. मला एकटीला सांगितलं होतं तिनं, शपथ घातली होती, कुणाला बोलू नकोस म्हणून. मी बोलले नाही, डॉक्टरकडेही नेलं नाही... ती गेली तेव्हा वाटलं, दोष कुणाचा तरी असायलाच हवा. माझा नको! तुझा चालेल... मला क्षमा कर गं ताई."

ताई! केवढ्या वर्षांनी!

मॅक्सीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी वर्षं! या एका वाक्यासाठी ती एवढी वर्षं स्वतःच्याच आईच्या नावानं दिवा लावताना चोरासारखी थरथरत होती, आणि ही बया मूग गिळून बसली होती!

"तुझं तोंड बघायची इच्छा नाही मला," ती म्हणाली.

"पुन्हा येईन. क्षमा तीनदा मागायची असते."

"काठी टेकत? आणि वाटेत मोडून पडलीस, तर तेही माझ्याच माथी!" मॅक्सीन मटकन समोरच्या खुर्चीत बसली. आणि मग तिच्या डोळ्यांतून जे वाहू लागलं, ते थांबेचना... "केली, जा. केली क्षमा, भित्री कुठली! सूप पी आता. उद्या दिवसभर पोटात काही जायचं नाही."

डोरिस रडत रडत सूप प्यायली. अवीवाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं ताटं उचलली आणि गेली. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, गाडी सुरू झाल्याचा मात्र कितीतरी वेळ आला नाही. मॅक्सीन खिडकीशी गेली नाही. बघायचं काय? क्षमा मागायची असेल तर फळा आहेच की तिचा!

दुसऱ्या दिवशी मॅक्सीन मागच्या रांगेत, हीटरजवळ बसली. पुढे, डोळ्यांसमोर, अवीवाची ताठ मान, पलीकडे नव्वदीची बर्निस, मोत्यांची माळ घातलेली, आणि दोघींच्या मध्ये खुर्चीवर पर्स. पर्स मात्र नवी होती!

"आता यिझ्कोर," रब्बी म्हणाले. "ज्यांना बाहेर जायचं आहे, त्यांनी जावं."

पोरंटोरं उठली, नवी लग्नं झालेली जोडपी उठली. त्यांच्याबरोबर मॅक्सीनही उठली, नेहमीसारखी. शेजारी बसलेल्या डोरिसनं तिच्याकडे बघून मान हलवली, "बस ना आता!" पण इतक्या वर्षांची सवय पायांना... अपराध पुसला गेला, तरी पाय कुठं ऐकतात? ती बाहेर आली, कोटांच्या खुंट्यांजवळ उभी राहिली. दार अजून लागलं नव्हतं.

तेवढ्यात आत खळबळ झाली. पहिल्या रांगेत अवीवा उभी राहिली होती. आई नाही, बाप नाही, दोन्हीकडून पोरकी झालेली अध्यक्षीणबाई मधल्या वाटेनं दाराकडे चालत निघाली होती! लोकांच्या माना वळल्या.

"अवीवा!" बर्निसचा चिरका आवाज सगळ्या दालनात घुमला. "कुठं चाललीस? तुझी आई इथं आहे!"

अवीवा थांबली नाही. ती बाहेर आली, मॅक्सीनपुढे उभी राहिली. तिचे ओठ सुकले होते.

"काय झालं? चक्कर आली?" मॅक्सीन खेकसली. "तुझी जागा आत आहे. जा आत, लोक बघताहेत!"

"ज्यांची आई जिवंत आहे, त्यांनी बाहेर यायचं असतं," अवीवा म्हणाली.

जन्मभर जिनं कुणाला उधार ठेवलं नाही, तिनं नुसते दोन्ही हात पसरले! अवीवा तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती, सहा वर्षांची असल्यासारखी, आवाजाची पर्वा न करता, आणि या वेळी तिला शू म्हणायला कुणी धजलं नाही.

"मी चिठ्ठी लिहिणार नाही," ती हुंदक्यांतून म्हणत होती, "मी तुझ्या डोळ्यांत बघून... मॅक्सीन, मी..."

"पुरे. उपास आहे, घसा कोरडा पडेल." मॅक्सीननं आपल्या बाहीनं तिचं नाक पुसलं. "आणि ऐक. तुला जन्म देणारी ती बिचारी आत एकटी बसलीय पर्सेखाली. तिनं काय घोडं मारलंय? तिच्यासाठी कोण म्हणणार प्रार्थना, तुझी आजी? चल."

"तू येशील?"

"माझीही आई आहे आत," मॅक्सीन म्हणाली, आणि हे वाक्य उच्चारताना तिच्या गळ्यातला तो जुना धोंडा निखळून पडला.

दोघी आत गेल्या. दार लागलं. पहिल्या रांगेपर्यंतची ती वाट मॅक्सीन अवीवाचा हात धरून चालली, आणि दोन्ही बाजूंची पांढरी वस्त्रं, महागडे बूट, रोखलेल्या नजरा, यांतल्या कशाचीही तिनं कवडीची किंमत केली नाही. रांगेशी आल्यावर मात्र ती थबकली. त्या खुर्चीत तिला बसायचं नव्हतं. तेव्हाही खुर्ची नको होती, फक्त पोर हवी होती.

"आजी, पर्स काढ," अवीवा म्हणाली.

"ही पुन्हा बसणार तिथं? माझ्या डोळ्यांदेखत?"

"नाही. मी बसणार."

सुरकुतलेल्या हातांनी बर्निसनं पर्स उचलली आणि मांडीवर घट्ट धरली. अवीवा सरकून आपल्या आईच्या खुर्चीत बसली, आणि आपली स्वतःची, अजून उबदार असलेली खुर्ची तिनं हातानं थोपटून दाखवली.

मॅक्सीन बसली. प्रार्थना सुरू झाली, आपापल्या माणसाचं नाव मनात घ्यायची वेळ आली. पलीकडून बर्निस पुटपुटली, "हीटरजवळ बरी होतीस."

"मेलेल्यांची प्रार्थना चाललीय, बर्निस," मॅक्सीन डोळे मिटूनच म्हणाली. "जिवंत माणसांनी गप्प बसावं." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, न थरथरता, तिनं आपल्या आईला हाक मारली.