गंजलेली पिन

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी आठला निघायचं ठरलं होतं आणि रुख्मिणी सहालाच तयार होऊन बसली होती. तिची आई शकुंतलाबाई समुद्रपूरच्या प्रसूतिकेंद्रात नर्स होती आणि तिथंच राहायची. वडील गेल्यावर आईनं नागपूरला शिकून ही नोकरी धरली होती. बाळंतपणाचं बोलावणं केव्हाही यायचं, म्हणून बारा वर्षांची रुख्मिणी शाळेसाठी वर्ध्याला प्रभाकरमामांकडे राहायची. जूनपासून तिनं आईला पाहिलं नव्हतं. आज आईला एक दिवसाची सुटी होती आणि मामा ओवाळून घ्यायला मोटारीनं जाणार होते, सगळ्या मुलांना घेऊन.

मोटार धुण्याचं काम मुलांकडे होतं. धाकटा मामेभाऊ कवडू ऐटीत स्टिअरिंगवर बसला होता. त्याची मोठी बहीण अन्नपूर्णा काचा पुसत होती. रुख्मिणी पुढच्या चाकाचा चिखल काढत होती.

"कवडू, चाक फिरव न, आतून धुवायचं हाये."

"फिरवून तर राह्यलो!"

"मंग हे हालत काऊन नाई?"

कवडू खरंच फिरवत होता. स्टिअरिंग चांगलं वीतभर फिरायचं, तेव्हा कुठे चाक जागचं हलायचं. रुख्मिणी पोटावर सरपटत मोटारीखाली गेली. दोन्ही पुढच्या चाकांना जोडणारा लोखंडी दांडा होता आणि त्याच्या टोकाला वाटीत गोळा बसवलेला जोड. गोळा झिजून वाटीत खुळखुळत होता.

तिला नवल वाटलं. हाच जोड नवा आणून मामांनी ड्रायव्हर रूपरावांना दिला होता आणि धनत्रयोदशीलाच तो बसवल्याचं रूपरावांनी सांगितलं होतं. मग चार दिवसांत झिजला कसा? तिनं बोटानं धूळ खरवडली. नटातून आडवी घातलेली पिन गंजून तांबडी झाली होती.

ती तशीच पडून राहिली. हे सांगितलं तर आजचं जाणं रद्द होईल. उद्या पहाटे आई आठ दिवसांसाठी खेड्यांवर लसी टोचायला निघणार होती; तसं तिनं पत्रात लिहिलं होतं. नाही सांगितलं तर? एवढे दिवस चाललंच होतं की, आणखी एक दिवस चालेल. पण वाटेत वणा नदीचा पूल होता आणि मागच्या सीटवर कवडू आणि अन्नपूर्णा बसणार होते. रुख्मिणीनं डोळे पुसले, बाहेर आली आणि दोघांना सगळं सांगितलं.

अन्नपूर्णानं आधी हत्यारांची पेटी धुंडाळली. तळाशी तेलकट कागदात गुंडाळलेला कोरा जोड निघाला! तिनं तो ओढणीखाली लपवला. इतक्यात रूपराव आले आणि पाठोपाठ मामाही. अन्नपूर्णानं अगदी भोळ्या चेहऱ्यानं नवा जोड दाखवायची गळ घातली. रूपराव खूश झाले. वाकून दांड्याकडे बोट दाखवत, आपण तो किती मेहनतीनं बसवला ते त्यांनी रंगवून सांगितलं.

त्यांचं संपेपर्यंत रुख्मिणी थांबली. मग हळूच म्हणाली, "नव्या जोडाची पिन गंजली काऊन, काका?"

अन्नपूर्णानं तेलकट कागदाची पुडी बॉनेटवर ठेवली.

रूपरावांची मान खाली गेली. "नटच सुटत नव्हता, मालक. म्हटलं, दिवाई झाली का करतो. चुकलं माहं."

 मामांनी जाणं रद्द केल्याचं सांगितलं. सणाचा दिवस, मिस्त्री कुठून मिळणार? रुख्मिणी म्हणाली, "मामाजी, आपणच बसवू. आई वाट पाहून राह्यली असंल."

 मामांनी कोट काढून ठेवला.

मोटार जॅकवर चढली. नटावर रॉकेल ओतून तासभर वाट पाहिली. पिन तुकड्यातुकड्यानं निघाली. रूपरावांनी घणाचे ठोके घातले, तेव्हा कुठे जुना जोड निसटला. तो दांड्यातून उलटा फिरवून काढताना किती फेरे झाले ते मोजावं लागतं, नाहीतर एक चाक पूर्वेला आणि एक पश्चिमेला, असं त्यांनी बजावलं. मोजायचं काम रुख्मिणीनं मागून घेतलं. सतरा फेरे आणि वर अर्धा. नवा बसवतानाही तिनं तेवढेच मोजले. नट आवळला, नवी पिन वाकवली, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. आता स्टिअरिंग बोटभर फिरवलं तरी चाक वळत होतं.

समुद्रपूरला पोचले तेव्हा दिवस मावळला होता. केंद्राच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या मीराबाई म्हणाल्या, बाईंनी दुपारपर्यंत ताट धरून वाट पाहिली, मग एका अडलेल्या बाळंतिणीसाठी बैलगाडी आली नि त्या गेल्या.

रुख्मिणी पायरीवर बसली. कवडूनं अनारसा पुढे केला, तिनं नको म्हणून मान हलवली. रस्ता हळूहळू दिसेनासा झाला. मग दूरवर घुंगरं वाजली आणि बैलगाडीच्या कंदिलाच्या उजेडात ओळखीचं पांढरं लुगडं दिसलं.

शकुंतलाबाई उतरल्या. उशीर का झाला ते मामांनी त्यांना सांगितलं. "तुह्या पोरीनं आज आमचे जीव वाचवले," ते म्हणाले. रूपरावांनीही हात जोडून तेच म्हटलं.

रुख्मिणीनं ते ऐकलंच नाही. आईला सांगायच्या गोष्टी तिनं पाच महिने साठवल्या होत्या. त्यातली एकही आठवेना. तिनं आईच्या कमरेला मिठी मारली आणि पांढऱ्या लुगड्यावर दहा काळी बोटं उमटली. ती दचकून हात मागे घेऊ लागली, तर आईनं ते हात तसेच धरून ठेवले.