मथुरेचं ठरलंय

कसालच्या बाजारात, हार्डवेअरच्या दुकानावरच्या माळ्यावर आमचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे दोन टेबलं, तीन कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर आणि खालून सतत येणारा रंगाचा नि सुंभाचा वास. मी संचिता, कोडिंग माझ्याकडे. गोष्ट, चित्रं आणि फुशारक्या कौस्तुभकडे. दोघांनी मिळून एक कॉम्प्युटर गेम करायला घेतला होता. खाडीकाठच्या गावांतून फिरायचं, माणसांशी बोलायचं, त्यांची कामं करायची आणि समुद्रात हरवलेल्या भावाचा पत्ता लावायचा. सगळं ठीक चाललं होतं, पण एका गोष्टीवर आमचं घोडं अडलं होतं. या गेममध्ये कुणाच्या प्रेमात पडायची सोय ठेवायची की नाही?

कौस्तुभला ती पाहिजेच होती. "माणूस महिनाभर त्या जगात रवतलो, आणि तेचो जीव कोणावर बसाचो नाय? दगड आसा काय तो?"

"जीव बसूं दे रे. पण तू काय केलंस? तीन वस्तू द्यायच्यो, तीनदा गोड बोलायचा, की ती बाई हो म्हणता. ह्याका प्रेम नाय म्हणत, पिठाची गिरण म्हणतत. दळण टाकला, पीठ इला."

"तुका प्रेमातला काय कळता गो?"

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे लपवाछपवी नको. मला कौस्तुभ आवडायचा, कॉलेजपासून. तो धामापूरहून मोटारसायकलने यायचा. हेल्मेट काढलं की त्याचे केस कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे राहायचे, आणि तेवढं बघायला मी रोज त्याच्याआधी येऊन बसायचे. त्याला याचा पत्ताच नव्हता. माझ्या तोंडून प्रेमाऐवजी खेकसणंच बाहेर पडतं, त्याला मी तरी काय करू!

शेवटी तोडगा निघाला. प्रेमाची सोय फक्त एकाच पात्राशी. मथुरा, तळ्याच्या घाटावर बसणारी बाई. ती तीन भेटवस्तू घेणार, तीनदा बोलणार, पण होकार द्यायचा की नकार हे कौल ठरवणार. आमच्याकडे लग्न असो, घर असो, विहीर असो, देवाला कौल लावल्याशिवाय पान हलत नाही. दगडाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं, म्हणजे देवाला साकडं, घालायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गेममध्ये कुठली पाकळी पडेल ते मी कॉम्प्युटरच्या मर्जीवर सोडलं. हे मला पटलं. निदान गिरण तरी नव्हती.

पण गाऱ्हाण्याचा आवाज खराच पाहिजे, हा कौस्तुभचा हट्ट. त्याच्या वडलांचे चुलतभाऊ लवूकाका, गावात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. देवळात रेकॉर्डिंग करणं बरं दिसत नाही म्हणून आम्ही धामापूरच्या तळ्याच्या पलीकडच्या अंगाला गेलो. तिथे झाडीत, अगदी पाण्याला टेकून, एक काळा दगड आहे. टळटळीत दुपार होती. पाण्यावर एक सुरकुती नव्हती. गुरं चारायला आलेली दोन-तीन माणसं गंमत बघायला उभी राहिली होती. माइक माझ्या हातात होता.

काका दगडासमोर उभे राहिले आणि थांबले. "कोणाचा गाऱ्हाणा?"

"कोणाचाच नाय, काकानू," कौस्तुभ म्हणाला. "गेमसाठी. नुसता बोला."

"मेल्या, नावाशिवाय गाऱ्हाणा होता काय? कोण इलो म्हणान इचारल्यार काय सांगू? नाव व्हया, गाव व्हया."

"मगे माझा नाव घ्या," कौस्तुभ हसत म्हणाला.

काकांनी हात जोडले. त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "बा म्हाराजा, ह्या तळ्याच्या राखणदारा! ह्यो तुझो लेकरू कौस्तुभ, धामापूरचो, लग्नाची इच्छा मनात धरून तुझ्या दारात उभो आसा. तेचा लगीन ठरांदे, तेची जोडी जमांदे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गुराख्यांनी साथ दिली, कौस्तुभने दिली, मीही दिली. गाऱ्हाणं कानावर पडलं की आमच्या भागातल्या माणसाच्या तोंडून ते आपसूक निघतंच. विचार करायला कोण थांबतो?

ऑफिसात हेडफोन लावून आवाज साफ करताना त्या "व्हय म्हाराजा"मध्ये एक आवाज जास्तीचा ऐकू आला. बाईचा. सगळ्यांच्या जरा मागून आणि पाण्याच्या बाजूने. तिथे बाई म्हणजे मी एकटीच होते. माझाच आवाज तळ्यावरून फिरून आला असेल म्हणून मी तो राहू दिला.

आठवड्याभराने मितेशचा फोन आला. मितेश कुडाळचा, आमचा गेम खेळून चुका शोधून द्यायचा.

"संचिता, तुझ्या मथुरेक घोवच नको आसा गो. कसाव खेळा, डावोच कौल."

मी दिवसभर कोड उसवून बघितलं. पाकळी निवडणारा भाग वेगळा चालवला की कधी उजवी, कधी डावी. गेममध्ये घातला की डावी. आणि नकार दिल्यावर मथुरा मान खाली घालून एक वाक्य बोलायची. "माझा ठरलेला आसा."

हे वाक्य मी लिहिलं नव्हतं. कौस्तुभला विचारलं तर तो म्हणाला, "तूच घातलंस मां? बरां आसा, ठेव."

त्याच सुमारास हा बाबा भांडेनासा झाला. एक दिवस आला तो गालातल्या गालात हसत.

"आयेन काजूगरांची उसळ केल्यान. बोटां चाटीत रवलंव."

"नोव्हेंबरात ओले काजूगर? शुद्धीवर आसस मां?"

"बरां बाय, नको सांगू," म्हणून त्याने डोळा मारला. मला काही कळलं नाही, पण त्या डोळ्यापायी दिवसभर मी चुकीच्या कळा दाबत बसले.

मग एका सकाळी तो सुरंगीचा वळेसर, म्हणजे गजरा, घेऊन आला. माळा त्या वासाने भरून गेला. सुरंगी आमच्याकडे शिमग्याच्या आगेमागे फुलते. दिवाळी सरता सरता सुरंगीची कळीसुद्धा कुणाला दिसायची नाही.

"खंयसून हाडलंस गो?" त्यानेच मला विचारलं.

"मी?"

"नाय, नाय, तू नाय!" तो हसला आणि वळेसर स्वतःच्या स्क्रीनला अडकवून माझ्याकडे बघत राहिला. असं त्याने यापूर्वी कधी बघितलं नव्हतं. आता खोटं कशाला बोलू, मला ते बघणं इतकं गोड वाटलं की पुढे मी चौकशीच केली नाही.

नंतरच्या सोमवारी दुपारी त्याने मनगट माझ्यापुढे धरलं. "ह्या मात्र कमाल केलंस. माझ्या बापाशीचा घड्याळ सातवीत पोवताना माझ्या हातातना तळ्यात पडला. तसाच्या तसा खंय गावला तुका?"

जुनं स्टीलचं घड्याळ होतं. काचेच्या आत पाणी डुचमळत होतं आणि त्या पाण्यात सेकंदकाटा चालत होता.

"कौस्तुभ, ह्या खंय मिळाला तुका?"

"उंबऱ्यार. फणसाच्या पानार. आदल्या दोन भेटीसारख्या." तो कानापर्यंत लाल झाला होता. "आता पुरे झाला गो नाटक. काजूगर माका आवडतत, सुरंगी माका आवडता, घड्याळासाठी मी किती रडलंलंय, ह्या तुझ्याशिवाय कोणाक ठावक आसा? आणि ह्यांव तूच लिवलंस मां?"

त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवला.

मथुरा घाटावर होती. आम्ही तिला नेहमी बाजूने काढली होती, तोंड पाण्याकडे. आता ती समोर बघत होती. खालच्या चौकटीत अक्षरं होती. "तीन झाले. येतंस मां?"

त्याखाली निवडायला दोन उत्तरं होती. "येतंय" आणि "थोडो थांब".

नाही म्हणायची सोय नव्हती.

"माझा उत्तर येतंय आसा, संचू," कौस्तुभ म्हणाला आणि त्याने माऊसवर हात ठेवला.

"दाबू नको!" मी एवढ्याने ओरडले की खालच्या दुकानातला गलका थांबला. "काजूगर मी ठेवलंय नाय. सुरंगी नाय. घड्याळ नाय. हां मी लिवलंय नाय!"

त्याचा चेहरा उतरला. भीतीने नव्हे, भलत्याच कारणाने. "म्हणजे तुझ्या मनात माझ्याबद्दल काय नाय?"

"आसा, मेल्या! कॉलेजापासना आसा! तुझे कोंबड्यासारखे केस बघूक मी रोज आधी येवन बसतंय! पण ह्या जां काय आसा, तां माझा नाय!"

कौस्तुभने हात उचलला. माऊसला कुणाचाच हात नव्हता.

स्क्रीनवरचा बाण सावकाश "येतंय"कडे सरकू लागला.

मी माऊस पकडला. तो थंडगार आणि ओला होता. जीव खाऊन बाण ओढला आणि "थोडो थांब" दाबलं. दुसरं दाबायला होतं तरी काय?

मथुरा हसली. तिला हसू आम्ही कधी काढलंच नव्हतं.

"बरां," अक्षरं उमटली.

उन्हं उतरायच्या आत आम्ही लवूकाकांच्या पुढ्यात होतो. ते रागावले नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि खांद्यावर पंचा टाकून उठले. "घातलेला गाऱ्हाणा परत घेवक येना नाय. मागाक येता. मागान बघूया."

तोच काळा दगड, तेच न हलणारं पाणी. काकांनी पाकळ्या लावल्या. मी कौस्तुभचा हात काकांदेखत घट्ट धरला होता, बघेना का कोणी.

"बा म्हाराजा, काय चूकभूल झाली असात तर लेकरांका पदरात घे. ह्यो कौस्तुभ ह्या संचिताक दी, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आम्ही दोघं म्हणालो.

डावी पाकळी थरथरली.

मी कौस्तुभचा हात आणखी आवळला.

उजवी पडली.

कौस्तुभने मला उचललंच! मी त्याच्या मानेत तोंड खुपसून हमसाहमशी रडले आणि त्याला शिव्याही दिल्या. एवढं सुख मला आयुष्यात झालं नव्हतं.

काका मात्र दगडाकडेच बघत होते.

"सोडल्यान मां तेका, काकानू?" मी डोळे पुसत विचारलं.

"दिल्यान," काका म्हणाले. "पयल्या काळात गावात लगीन ठरला काय ह्या तळ्यार फुलांची परडी ठेवीत. सकाळी तेच्यात दागिने येत. नवरीन घालूचे, मिरवूचे. लगीन झाला काय परत परडेत."

"मगे?"

"मगे काय? ह्या तळा देता, तां तसाच देता." आणि ते पायवाटेने खाली निघून गेले.

मथुरेला आम्ही गेममधून पार पुसून टाकलं. गेम बाहेर आला, चार लोकांनी नावाजला, दहा लोकांनी विचारलं की यात प्रेमात पडायची सोय का नाही. वैशाखात आमचं लग्न झालं आणि मी धामापूरला आले. कौस्तुभ चहा करपवतो, ओला टॉवेल गादीवर टाकतो आणि झोपेतसुद्धा माझा हात सोडत नाही. त्याच्यावरून जीव ओवाळून टाकावा असा आहे माझा नवरा.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी दार उघडलं तर उंबऱ्यावर परडी होती. हिरव्या बांबूची, तळहातावर मावेल एवढी. निथळत होती आणि रिकामी होती.

मी हातातले दोन चुडे तिच्यात ठेवले आणि कोणाला न सांगता ती तळ्यात सोडून आले. दुसऱ्या सकाळी परडी परत उंबऱ्यावर. चुडे आत, अगदी कोरडे. मग नथ ठेवली. तीही परत आली. आईने घातलेल्या पाटल्या ठेवल्या, त्याही आल्या. दर खेपेला परडी आदल्या दिवशीपेक्षा जराशी मोठी असते. कौस्तुभ उठायच्या आत मी तिची विल्हेवाट लावते.

आज मला जाग यायला उशीर झाला. बाजूची जागा रिकामी होती आणि पुढचं दार सताड उघडं होतं. मी धावत अंगणात आले.

कौस्तुभ परडीत मांडी घालून बसला होता. हातात चहाचा कप, केस उभे, तोंडभर हसू.

"संचू, ह्या बघ गो," तो म्हणाला. "अगदी माझ्या मापाची आसा."