चालू कामातला गुण्या

पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या त्या रो-हाउसच्या गच्चीवर एप्रिलमध्ये अनवाणी पाय टेकवता येत नसे, म्हणून वर छप्पर घालायचं ठरलं. बूट चैतालीनेच काढला. लेक सृष्टी तिसऱ्या वर्षात होती. सातव्या महिन्यात झालेली, अंगाने चिमुकली. मोकळ्यावर खेळली तर भूक लागेल, भूक लागली तर वाढेल, असा चैतालीचा सरळ हिशोब. पोरीची उंची हा तिच्या जिवाला लागलेला घोर होता. एमएस्सी झालेली बाई, पण सृष्टी झोपली की वीत टाकून तिचे पाय मोजायची.

तिच्या नवऱ्याचं, प्रज्ञेशचं, म्हणणं पडलं, फॅब्रिकेटरला बोलावू, लोखंडी अँगल, पत्रे, विषय संपला. सासऱ्यांना ते पटलं नाही. दशरथरावांची उभी हयात खडकीच्या कारखान्यात लाकडी पेट्या ठोकण्यात गेली होती.

"लोखंड तापतं. वासे घालू लाकडाचे," ते म्हणाले. "आणि ते मी घालणार. तू लॅपटॉप बघ."

जुन्या बाजारातून ते एक गुण्या घेऊन आले. सुतारांचा काटकोन असतो तसाच, पोलादाचा, पण हात लांब, आणि दोन्ही हातांवर पितळेच्या सरकत्या खुंट्या. छपराचा ढाळ ठरला की खुंट्या त्या मापावर स्क्रूने आवळायच्या. मग गुण्या वाशाच्या काठाला टेकवून पावलापावलाने पुढे सरकवायचा आणि लाल पेन्सिलीने रेघा मारायच्या. सगळे वासे एका मापाचे उतरतात.

"याच्यात एका वेळी एकच माप राहतं," ते चैतालीला कौतुकाने सांगत होते. "नवं धरलं की जुनं सुटलं."

काम सुरू झालं तो रविवार. आजोबांच्या पायात घोटाळणाऱ्या सृष्टीला त्यांनी बैठकीच्या दाराच्या चौकटीला उभं केलं. "चल, तुझंपण माप घेऊ." हातात होता तोच गुण्या, खुंट्या न काढता, त्यांनी चौकटीला लावला आणि आडवा हात तिच्या टाळूवर टेकवला.

"गार आहे, आजोबा!" सृष्टी खिदळली.

सासूबाई, कांताबाई, भाजी निवडता निवडता थांबल्या. पुण्यात त्यांचा जन्म गेला होता, पण बोली अकोल्याचीच. "अहो, चालू कामातलं हत्यार लेकराले लावू नका. माहा बाप सुतारांच्या हाताखाली होता, तो लावू देत नव्हता."

"का बरं?"

"का ते त्याने नाही सांगतलं."

"बघ समोर, बाबासाहेबांची तसबीर आहे," दशरथराव म्हणाले, "आणि तिच्याखाली बसून तू हे बोलतेस!" त्यांनी चौकटीवर लाल रेघ ओढली. कांताबाईंनी मान खाली घालून मेथी पुढे ओढली. चैताली हसली. तिला ती रेघ फार आवडली होती. आता दर रविवारी मोजता येणार होतं.

दुसऱ्या दिवसापासून वासे चुकायला लागले.

कापलेले वासे जागेवर लावून पाहिले तर सगळेच लांब. फार नाही, बोटभर. दशरथरावांनी करवत घेऊन जास्तीचं उडवलं. सकाळी पुन्हा बोटभर. "पट्टी तपासा, बाबा," प्रज्ञेश म्हणाला. त्यावर, "चाळीस वर्षं मी काय झाडू मारत होतो का रे?" एवढंच उत्तर आलं. पण पट्टी त्यांनी गुपचूप तपासली. ती बरोबर होती.

रविवारी चैतालीने सृष्टीला चौकटीशी उभं केलं आणि वही तिच्या डोक्यावर आडवी धरली. वही रेघेच्या खाली टेकली.

तिने पोरीची टाच बघितली. पाठ सरळ करायला लावली. पुन्हा धरली. रेघ वर, डोकं खाली.

"आजोबांनी केसांचा अंबाडा धरून मोजलं असेल," प्रज्ञेश म्हणाला. "अगं, पोरगी आहे ती, सुती कुर्ता नाही आटायला."

चैतालीलाही हसू आलं. पण संध्याकाळी सृष्टी गुलाबी फ्रॉक घालून आली तेव्हा तो पोटऱ्यांवर लोळत होता. तो गुडघ्यापर्यंतच होता ना? की मोठाच घेतला होता, पुढच्या वर्षीही चालावा म्हणून? तिला आठवेना. बुटांतून टाचा निसटत होत्या. बूट सैल झाले असतील. बूट सैल होतात.

डॉक्टरांकडे नर्सने उंची घेतली, जुन्या नोंदीकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मागच्या वेळी चपला घालून घेतली असणार," ती म्हणाली. डॉक्टर म्हणाले, "मुलगी छान आहे. आई थोडी जास्त बघते."

चैताली घरी आली आणि तडक गच्चीवर गेली. वासे आता वर चढले होते, आढ्यापासून खाली ओळीने. त्यांच्या टोकांजवळ लाल रेघा होत्या. करवत या रेघेवरून जाते, हे तिने स्वतः पाहिलं होतं. म्हणजे रेघ अगदी काठावर हवी, अर्धी भुशात गेलेली. इथे रेघेच्या पुढे लाकूड होतं. दोन बोटं, ताजं, पिवळसर, करवतीचे ओरखडे थेट टोकावर. तिने नखाने टोकरलं. लाकूडच होतं. राळेचा ओला वास आला.

"बाबा, हे काम थांबवू या का?" ती जेवताना म्हणाली.

"अर्धं छप्पर उघडं ठेवून? का?"

काय सांगणार? या घरात भूतबाधा, दृष्ट, असले शब्द कुणी उच्चारत नसे. तिचाही असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आताही नव्हता. तिने भात कालवला आणि कांताबाईंकडे पाहिलं. त्या सृष्टीला घास भरवत होत्या. मांडीवर तान्ह्या बाळासारखी मावत होती पोर. कांताबाईंनी वर न पाहता तिच्याभोवतीचा हात घट्ट केला.

चैतालीने गुण्या कपाटाच्या मागे लपवला. रेघ आणि डोकं यांतलं अंतर वाढतच राहिलं. स्क्रू सोडवून पाहिला. खुंटीला मिठी मारल्यासारखा तो हलेना. मग जुनं माप सुटावं म्हणून तिने गुण्या झाडूला लावला, टेबलाच्या पायाला लावला, रेघा मारल्या. सकाळी सृष्टी पलंगावरून उतरायला गेली आणि पाय जमिनीला पोचले नाहीत म्हणून रडली. कालपर्यंत ती स्वतः उतरत होती.

"आई, पलंग मोठा झाला," ती म्हणाली.

त्या दुपारी दशरथराव खडकीला जुन्या दोस्ताकडे गेले होते. प्रज्ञेश ऑफिसात. आत कांताबाई सृष्टीला कुशीत घेऊन झोपल्या होत्या. उसाच्या शेतांकडून गरम वारा येत होता आणि गच्चीवर वासे कुरकुरत होते, एक थांबला की दुसरा.

चैतालीने गुण्या काढला. चौकटीला पाठ लावली. टाचा टेकवल्या.

आपण हे काय करतोय, असं तिच्या मनात आलं. त्याचं उत्तर तिला नको होतं.

तिने गुण्याचा आडवा हात डोक्यावर टेकवला. पोलाद गार असायला हवं होतं. कोमट होतं, कुणीतरी नुकतंच हातातून ठेवल्यासारखं. तिने चाचपडत पेन्सिल फिरवली.

पितळेची एक खुंटी आपोआप सरकली. थोडीशी. टक्क आवाज झाला.

वरची कुरकुर थांबली.

आत सृष्टीने झोपेत लांब सुस्कारा टाकला आणि पाय ताणले.

रविवारी सगळे चौकटीभोवती जमले. वही सृष्टीच्या रेघेच्या वर टेकली, चांगली बोटभर. "बघ! उगाच घाबरवून सोडलं होतंस सगळ्यांना," प्रज्ञेश म्हणाला. दशरथरावांनी नातीला उचलून गरगर फिरवलं. छपरावर पत्रे चढले. कांताबाईंची नजर मात्र चौकटीवरच्या दुसऱ्या, उंचावरच्या रेघेवर गेली. त्यांनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तो हात खांद्यावर जरा अडखळला.

सृष्टी आता भाकरी मागून खाते. गुलाबी फ्रॉक तिला आखूड झाला.

परवा सकाळी चैताली केस विंचरायला बेसिनपाशी गेली. आरशात तिला तिचा भांग दिसला आणि मागची भिंत. आरसा कुणी वर लावला, असं ती घरात कुणाला विचारणार होती. मग तिने खिळ्याकडे पाहिलं. तो होता तिथेच होता, चुन्यात गंजून बसलेला.

सृष्टी तिकडे अंगणात कुणालातरी मोठ्याने हाका मारत होती.

चैतालीने सृष्टीचं प्लास्टिकचं स्टूल पायाने ओढलं, त्यावर चढली आणि निवांत वेणी घातली. सध्या तेवढं पुरत होतं.