तीन हिसके

दाजी आपणहून कधी डोंगरावर फिरायला गेले नसते. बायकोने पाठवलं म्हणून गेले.

दाजींचं काम कारखान्यांच्या उंच चिमण्यांचं. भेगा बुजवायच्या, गंज खरवडायचा, रंग द्यायचा. या कामाला माणसं दोन लागतात. एक वर काठावर बसून दोर धरतो, दुसरा त्या दोराला लटकून खाली उतरतो. वर दाजी बसायचे, खाली मेहुणा उतरायचा. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेले, बहिणीनेच त्याला वाढवलं. चांगला तिशीचा गडी झाला तरी घरात नाव बारक्याच.

या बारक्याने काम सोडायचं काढलं होतं. एका ओळखीच्याने त्याला दुकानात बोलावलं होतं. दाजींनी ते ऐकलं आणि बोलणंच टाकलं. आठवडा झाला, दोघं एका ताटलीइतक्या जागेत काम करत होते, पण तोंड उघडत नव्हते. शेवटी बायको वैतागली.

"माझ्या घरात दोन मुके नकोत," ती म्हणाली. "उद्या सुट्टी आहे. डोंगर चढा, पलीकडे उतरा, दुपारच्या बसने परत या. वाटेत भांडा, मारामारी करा, पण बोलून या. आणि अहो, त्याला नीट घरी आणा. मला तो एकच आहे."

दाजींनी मान हलवली. त्यांची मान हलली म्हणजे ते वचन असे.

सकाळी निघताना दाजींनी सवयीने पिशवीत दोर टाकला. बारक्याला हसू आवरेना.

"दाजी, फिरायला चाललोय की डोंगराला रंग द्यायला?"

दाजींनी दोर बाहेर काढला नाही.

चढण सोपी होती. ऊन कोवळं होतं. बारक्या सारखा बडबडत होता, दाजी हुं म्हणत होते, आणि तेवढ्यानेही आठवड्याची अढी जरा सैल झाली होती. माथ्याच्या अलीकडे वाट दुभंगली.

"उजवीकडची," बारक्या म्हणाला. "पायाखालची वाट आहे, बघा ना."

"डावीकडची."

"कशावरून?"

"मी सांगतो म्हणून."

"बरं बाबा. चुकलो तर ताईला तुम्हीच सांगा."

डावीकडची वाट डोंगराच्या कुशीतून गेली. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला खोल उतार. वाट अरुंद होत चालली तरी दाजी मागे वळले नाहीत. वळायचं म्हणजे चुकलो म्हणायचं. आणि मग धुकं आलं. खालून, दरीतून वर आलं. आधी पाय दिसेनासे झाले, मग हात. ओल्या दगडाचा वास आला. पाखरं गप्प झाली.

दाजींनी दोर काढला. एक टोक आपल्या कमरेला, दुसरं बारक्याच्या. मध्ये दहाबारा पावलांचं अंतर.

"आता तोंड बंद," ते म्हणाले. "दोरावर चालायचं."

दोरावर चालायचं म्हणजे काय, हे या कामातल्यांनाच कळतं. चिमणीवर वारा इतका असतो की हाक ऐकू येत नाही, आली तर भलतीच येते. म्हणून बोलायचं ते दोराने. एक हिसका म्हणजे थांब. दोन म्हणजे ठीक आहे, चालू दे. तीन म्हणजे मला वर घे. तीन आले की वरच्याने विचारत बसायचं नाही, वाकून बघायचं नाही. ओढायचं. त्या विचारण्यात माणूस जातो. दाजी उभ्या आयुष्यात असेच वागले होते, आणि त्यांच्या दोरावरचा एकही माणूस पडला नव्हता.

ते कातळाला हात लावत पुढे निघाले. थोडं चालले की मागून दोन हिसके यायचे. ठीक आहे, चालू दे. पुन्हा थोडं चालले की दोन. दाजींना मनातून बरं वाटलं. पोरगा एरवी वटवट करतो, पण दोर शिकलाय. दुकानात मापं काढत बसण्यासारखा नाही तो.

दोन हिसके.

वाट उतरायला लागली. आता स्वतःच्या पावलांचा आवाजही नीट येत नव्हता. कापसात पाय बुडावा तसा तो विरून जात होता. दाजी थांबले. थांबण्याचं काही कारण नव्हतं, पण ते थांबले, आणि लगेच मागून दोन हिसके आले. जरा घाईचे. चालू दे.

"बारक्या?" दाजींनी हळूच विचारलं.

दोन हिसके.

आणि त्याच वेळी मागून, खूप लांबून, वरच्या अंगाने हाक आली.

"दाजी... ओ दाजी... थांबा ना..."

आवाज बारक्याचा होता.

दाजी जागच्या जागी उभे राहिले. हाक पुन्हा आली, थोडी जवळून.

"दाजी, माझा पाय दगडात अडकला होता... मी एक हिसका दिला, तुम्ही थांबलाच नाहीत... फरफटत गेलो असतो म्हणून गाठ सोडली... कुठे आहात तुम्ही?"

दाजींनी कमरेपाशी हात नेला. दोर ताठ होता. त्यांनी हाताने चाचपत त्याचा माग घेतला. इतका वेळ तो मागे वाटेवर जात असणार, असं त्यांनी धरलं होतं. तो मागे जात नव्हता. वाटेच्या कडेवरून वाकून सरळ खाली, दरीत उतरला होता.

त्यांनी पुढे पायाने जमीन चाचपली. पुढे जमीन नव्हती. एक खडा ढकलला. तो पडल्याचं ऐकू आलं नाही.

दाजी खाली बसले. टाच एका खाचेत रोवली. मग दोराला एक हिसका दिला. थांब.

खालून उत्तर आलं. एक. दोन. तीन.

दाजींच्या डोक्याने काही ठरवायच्या आधीच हात कामाला लागले. तीस वर्षांची सवय ती. हात ओढू लागले. दोराला वजन होतं, आणि ते वजन त्यांच्या ओळखीचं होतं. रोज सकाळी ते उतरवत आणि संध्याकाळी वर घेत, तेच. लटकलेला बारक्या जरासा डावीकडे झुलायचा, तसा झोलही होता.

"दाजी!" हाक आता वाटेवरून, मागून येत होती. "काय ओढताय? कोणाला ओढताय?"

दाजींचे हात थांबले.

"तू कुठे आहेस?" ते म्हणाले.

"तुमच्या मागे. कातळाला धरून उभा आहे. तुमची पाठ दिसतेय अंधुक. दाजी... दोर सोडा."

खालून तीन हिसके.

"खाली कोण आहे मग?"

"मला काय माहीत! सोडा ना, ताईची शपथ आहे तुम्हाला."

दाजींनी मान वळवली. धुक्यात काही उभं होतं. उंची बारक्याची. तोंड दिसत नव्हतं. हाक भलतीच येते, हे त्यांनीच त्याला शिकवलं होतं. दोर मात्र खोटं बोलत नाही, हेही त्यांनीच. आणि घरी बायको म्हणाली होती, मला तो एकच आहे.

"दोन पावलं पुढे ये," दाजी म्हणाले.

"नको... वाट निसरडी आहे. तुम्ही या."

खालून तीन हिसके आले. नंतर लगेच पुन्हा तीन. आता त्यात घाई नव्हती, धाप होती. धीर सुटत चाललेल्या माणसाचे हात जसे ओढतात तसे. आणि वजन वाढलं. दाजींची टाच खाचेतून सरकली. ते बसल्या जागी वीतभर कडेकडे ओढले गेले. मग आणखी वीतभर.

"दाजी, सोडा!"

गाठ दाजींच्या हातची होती. एका ओढीत सुटणारी. त्यांनी ती सोडली.

दोर सळसळत कडेवरून गेला. दाजी कान देऊन बसले. खाली काही आपटलं नाही. कोणी ओरडलं नाही.

मग खांद्यावर हात पडला. बारक्याच होता. घामाघूम, एका पायाची नडगी सोललेली, डोळे भेदरलेले. दाजींनी त्याचा दंड पकडला तो थेट सडकेला लागेपर्यंत सोडला नाही. दुभंगल्या वाटेपर्यंत मागे आले, उजवीकडची धरली. ती बरोबर होती. बारक्या त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही.

दुपारची बस गेली होती. पुढची मिळाली. बारक्या खिडकीला डोकं टेकून झोपला, हात मांडीवर उताणे. दाजींची नजर त्या हातांवर गेली.

दोन्ही तळव्यांची कातडी गेली होती. आडवी, खोल, लालभडक. धावत्या दोराला गच्च धरून ठेवणाऱ्याचे हात असे होतात. दाजींनी असे हात पूर्वी पाहिले होते, ते दुसऱ्यांच्या दोरावरून पडलेल्यांचे.

त्यांनी त्याला उठवलं. "दोर धरला होतास?"

"कधी? गाठ सोडली ती सोडली. हातच लावला नाही पुन्हा."

दाजी उतरेपर्यंत त्या तळव्यांकडे बघत राहिले.

घरी दिवे लागत होते. बायकोने दार उघडलं, दोघांना बघितलं आणि तिचा चेहरा फुलला. मग तिला ते तळवे दिसले. तिने भावाला स्वयंपाकघरात बसवलं, कोमट पाण्याने हात धुतले, मलम लावून पट्ट्या बांधल्या. एवढं सोललेलं, पण त्याने साधं 'स्स'ही केलं नाही.

"अहो, तुम्ही कुठे होतात हे होताना?" तिने विचारलं.

"वर होते," बारक्या म्हणाला.

'वर' असं दोराला खाली लटकलेला माणूसच म्हणतो. दाजी दारातच उभे राहिले.

"आणि बोललात का एकदाचे? काय ठरलं दुकानाचं?"

"दुकान नको," बारक्या म्हणाला. आवाज शांत होता. "उद्या कामावर जाणार. फक्त दाजींचं वय झालंय, ताई. वर बसून ओढणं आता त्यांच्याने होत नाही. उद्यापासून त्यांनी उतरायचं. वर मी बसेन."

"या हातांनी दोर धरणार?"

बारक्याने पट्टी बांधलेले हात उचलून दाजींसमोर धरले.

"याच हातांनी," तो म्हणाला.

बायको समाधानाने हसली. भाऊ घरी आला होता, भांडण मिटलं होतं. "जेवून घ्या आधी," ती दाजींना म्हणाली. "असे दारात काय उभे?"