एक उतरला नाही

"आधी बसा," शेजारच्या टेलरबाई फोनवर म्हणाल्या, "मग सांगते."

धाकटी बसली नाही. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती भिंग घासत उभी होती, तशीच उभी राहिली.

"मावशी जिन्यावरून पडल्यात. शुद्धीवर नाहीत. अ‍ॅम्ब्युलन्स बोलावलीय. पोलीसही येतायत."

"पोलीस कशाला?"

टेलरबाई जरा घुटमळल्या. "तुमची आई दारात बसलीय. तिच्या हाताला रक्त आहे."

भिंग तसंच यंत्रात ठेवून धाकटी निघाली. वाटेत तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती, आणि तिची तिलाच लाज वाटत होती. आईला सांभाळायला ठेवलेल्या मावशींना आईने मागच्या आठवड्यात दारातून ढकललं होतं.

कारण काय, तर मावशींकडे तिकीट नव्हतं.

हे बाहेरच्याला सांगायला गेलं तर हसू येईल. आई एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होती. आता तिला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. थोरली लेक परगावी असते, तिचं नावही ओठावर येत नाही. रोज डोळ्यांसमोर वावरणाऱ्या धाकटीला ती "पुढे सरका" म्हणते. पण गळ्यात चामडी पिशवी अडकवून, हातात पंच धरून दाराशी खुर्चीवर बसवलं की तिचे हात कधी चुकत नाहीत. आत येणाऱ्याला तिकीट. बाहेर जाणाऱ्याकडून तिकीट परत, त्याला पंचने भोक, मग ते पिशवीत. "डोक्यातून गेलं तरी हातातून जात नाही," असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून धाकटीने छापखान्यातून नंबर घातलेले तिकिटांचे गठ्ठे करून आणले. घरी येणारा प्रत्येक जण हसत तिकीट घेई, जाताना परत देई. न देऊन करतो काय?

घरासमोर अ‍ॅम्ब्युलन्स नव्हती. मावशींना नेलं होतं. धाकटी आत शिरली आणि तिच्यासमोर तिकीट आलं.

"पुढे सरका," आई म्हणाली. तिच्या बाहीवर रक्ताचा डाग होता. धाकटीने तिकीट घेतलं. अडुसष्ट नंबर.

"आई, काय झालं गं?"

"एक उतरला नाही," आई म्हणाली. "मी बेल दिली नाही. एक उतरला नाही."

आतल्या खोलीत तिघं होते. जिन्याच्या खालच्या पायरीपाशी वाकलेले फौजदार. तोंडाला पदर लावून उभ्या टेलरबाई. आणि ड्रायव्हरकाका. आईच्या बसचे ड्रायव्हर, दर गुरुवारी न चुकता भेटायला येणारे. त्यांना बघून धाकटीला रडूच कोसळलं.

"मी आहे ना," काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "रस्त्याने चाललो होतो, गर्दी दिसली. या साहेबांच्या मागोमागच आत आलो बघ."

फौजदारांनी वही उघडली. "आई सतत हे काय म्हणतात?"

धाकटीने खाली बघितलं. घरातली ही जखम कोणी उघड्यावर आणत नसे. "तीस वर्षांपूर्वी एक म्हातारे गृहस्थ आईच्या बसमधून उतरताना चाकाखाली गेले. ते पुरते उतरायच्या आधीच आईने गाडी सोडायची डबल बेल दिली, म्हणून. तिला सहा महिने घरी बसवलं होतं. तेव्हापासून ती धड झोपली नाही."

"बिचारीने मुद्दाम नाही केलं," काका हळू म्हणाले. "मी चौकशीत तेच सांगितलं होतं. बेल वाजली, मी गाडी सोडली."

"आणि आज?" फौजदारांनी विचारलं. "घरात कोण कोण होतं?"

"आई आणि मावशी. दहाला व्यायामाच्या बाई येतात, साडेदहाला जातात."

"त्यांच्याशी बोललो मी. साडेदहालाच गेल्या. टेलरबाई, तुम्ही आवाज कधी ऐकलात?"

"सव्वाअकराला. धप्पकन आवाज आला. मी तश्शीच धावत आले. मावशी इथे पडलेल्या, आणि या त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या. मला बघताच उठल्या, तिकीट दिलं आणि परत दारात जाऊन बसल्या."

"मागचं दार?"

"आतून कडी आहे. तुम्हीच बघितलीत की."

फौजदारांनी वही मिटली. माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या आवाजातला निकाल धाकटीला बोलण्याआधीच ऐकू आला.

"खिडक्यांना गज आहेत. पुढच्या दारात आई. म्हणजे घरात दोघीच. यांनी याआधीही ढकललेलं आहे, शेजाऱ्यांना माहीत आहे. ताई, खटला होणार नाही. पण अशा पेशंटला घरी ठेवता येत नाही. चार वाजता गाडी येईल. बंद वॉर्ड असतो तो."

बंद वॉर्ड. म्हणजे दार नाही, पिशवी नाही, पंच नाही. आई महिनाभरसुद्धा टिकणार नाही, हे धाकटीला ठाऊक होतं. आणि भीती वेगळीच होती. आईने खरंच ढकललं असेल तर? तिला आठवणारच नाही. नाही म्हणायलाही माणसाला आठवावं लागतं.

"एक उतरला नाही," दारातून आवाज आला.

धाकटीने मान वर केली. हे वाक्य तिने हजार वेळा ऐकलं होतं. आज पहिल्यांदा तिला वाटलं, ते जसंच्या तसं घेतलं तर?

ती आईजवळ गेली, तिच्या पायाशी बसली. "बाई, पिशवी तपासायचीय. डेपोतून आलेय."

आईने मुकाट्याने पिशवी पुढे केली. तपासनिसाला कंडक्टर नाही म्हणत नाही.

गेल्या रात्रीपर्यंतची तिकिटं धाकटीने नेहमीप्रमाणे काढून ठेवली होती. आज पिशवीत भोक पाडलेली पाचच होती. एक तिचं स्वतःचं, कालच्या नंबरचं, सकाळी नऊला परत दिलेलं. मग एकसष्ट, बासष्ट, पासष्ट, सहासष्ट.

"एकसष्ट मावशींचं," ती पुटपुटली. "त्या पिन लावून पदराला अडकवतात."

"स्ट्रेचर दारात अडवून काढून घेतलं यांनी," टेलरबाई म्हणाल्या. "स्ट्रेचरवाल्यांचीही घेतली. त्या गडबडीत!"

"बासष्ट व्यायामाच्या बाईंचं. पासष्ट, सहासष्ट स्ट्रेचरवाल्यांची. टेलरबाई, तुमचं?"

टेलरबाईंनी मूठ उघडली. चौसष्ट.

फौजदारांनी जरा ओशाळून खिशातून तिकीट काढलं. सदुसष्ट.

"माझं अडुसष्ट," धाकटी म्हणाली. "साहेब, त्रेसष्ट कुठाय?"

फौजदारांनी वही पुन्हा उघडली.

"साडेदहानंतर आणि टेलरबाईंच्या आधी कोणीतरी या दारातून आत आलं. ते या दारातून बाहेर गेलं नाही. मागे कडी आहे. खिडक्यांना गज."

टेलरबाई भिंतीला टेकल्या. "म्हणजे... अजून घरात आहे?"

सगळ्यांनी एकदम वर, जिन्याकडे बघितलं. वरच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं.

फौजदार काठी घेऊन पुढे झाले. त्यांच्या मागे धाकटी, तिच्या मागे काका. खोली रिकामी होती. फौजदारांनी कपाट उघडलं, पलंगाखाली वाकून बघितलं, मोरीचं दार ढकललं. कोणी नाही. दारामागे तेवढी एक माणूसभर जागा होती, आणि तिथली धूळ पायांनी पुसली गेली होती.

फळीवर मावशींचा चष्मा होता, पेन होतं. वही नव्हती.

"कसली वही?" फौजदारांनी विचारलं.

"आई जुनं जुनं बोलते ते मावशी लिहून ठेवायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं. हल्ली आई फक्त त्या अपघाताच्या दिवसाचं बोलायची, अगदी तपशिलासकट..."

बोलता बोलता ती थांबली. हे वाक्य ती याआधी एकदाच बोलली होती. गुरुवारी, चहा देताना. ऐकणाऱ्याने कप न संपवता खाली ठेवला होता.

तिला मागे वळायची भीती वाटली. पाठीमागे, जिन्याच्या तोंडाशी, काकांचा श्वास ऐकू येत होता. लहानपणी याच माणसाने तिला स्टिअरिंगवर बसवलं होतं. ती सावकाश वळली आणि शक्य तितकं हसली.

"काका, चष्मा किती मळलाय तुमचा. द्या, पुसून देते. डबी पण द्या, कापड त्यात असतं ना."

काकांनी चष्मा काढून दिला. डबीही दिली. हा चष्मा तिनेच बनवला होता. दर गुरुवारी "ड्रायव्हरलाही तिकीट? काय दिवस आले!" असं म्हणत ते तिकीट याच डबीत कापडाखाली सरकवतात, हेही तिने शंभरदा बघितलं होतं.

तिने कापड उचललं. खाली तिकीट होतं.

"त्रेसष्ट," ती म्हणाली, आणि डबी फौजदारांच्या हातात दिली.

जिन्याच्या कठड्याला धरून काका हळूहळू खाली बसले.

"तुम्ही म्हणालात, साहेबांच्या मागोमाग आलात," धाकटी म्हणाली. "साहेबांना वाटलं तुम्ही घरचेच. टेलरबाईंना वाटलं तुम्ही साहेबांबरोबरचे. पण आईने स्ट्रेचरवाल्यांनाही सोडलं नाही, मग तुम्हाला तिकिटाशिवाय कशी सोडेल? तुमच्याकडे सदुसष्टच्या पुढचं तिकीट हवं होतं. नाहीये. कारण तुम्ही तेव्हा आलातच नाही. तुम्ही अकराच्या सुमारास आलात, तिकीट घेतलंत, सवयीने डबीत टाकलंत आणि विसरलात. वर जाऊन वही घेतलीत. मावशींनी बघितलं."

"मी ढकललं नाही," काका म्हणाले. "त्यांनी वही धरली. मी ओढली. त्यांचा पाय..."

"आणि टेलरबाई धावत आल्या, म्हणून तुम्ही त्या दारामागे उभे राहिलात. गर्दी झाल्यावर खाली उतरून गर्दीत मिसळलात. खाली मावशींचं रक्त जात होतं, काका. तुम्ही दारामागे उभे होतात."

वही त्यांच्या शर्टाखाली कमरेला खोचलेली होती. फौजदारांनी उघडली आणि शेवटचं पान मोठ्याने वाचलं. मावशींचं अक्षर मोठं, शाळकरी होतं.

'बाई आजपण तेच म्हणाल्या. एक उतरला नाही, मी बेल दिली नाही. ड्रायव्हरने बेल नसताना गाडी सोडली. मग रात्री घरी येऊन म्हणाला, तू दिलीस, तुला आठवत नाही.'

तीस वर्षं आई मध्येच जेवता जेवता थांबायची. स्वतःचाच हात बघत बसायची, बेलची दोरी ओढणारा. हा माणूस दर गुरुवारी समोर बसून ते बघत होता.

"माझी नोकरी गेली असती, पोरं लहान होती," काका म्हणाले. "सुरुवातीला एकदाच सांगितलं तिला. मग ती स्वतःच म्हणायला लागली, मीच दिली असणार. मला वाटलं, आता विसरतेय सगळं, हेही विसरेल."

"विसरली की," धाकटी म्हणाली. "तुम्ही शिकवलेलं तेवढं विसरली. खरं होतं ते राहिलं."

फौजदारांचा फोन वाजला. मावशींनी डोळे उघडले होते, पाणी मागत होत्या. त्यांनी लगोलग दुसरा फोन करून चारची गाडी रद्द केली, आणि काकांना दंडाला धरून खाली आणलं.

दारात आईने हात आडवा केला. "तिकीट."

काकांनी मान वर केली नाही. फौजदार क्षणभर अडले, मग त्यांनी डबीतून तिकीट काढून आईपुढे धरलं. "भोक पडल्याने पुरावा काही बिघडत नाही," ते जरासे खाकरून म्हणाले.

आईने पंच दाबला. फौजदारांनी तिकीट परत घेतलं आणि दोघं बाहेर गेले. ते फाटकापर्यंत पोहोचेस्तोवर आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने पंच खुर्चीच्या दांड्यावर दोनदा आपटला. टण, टण.

धाकटी तिच्याजवळ गुडघ्यांवर बसली आणि तिचे दोन्ही हात धरले. "आई, ऐक. त्या दिवशी तू बेल दिली नव्हतीस. तुझी चूक नव्हती."

आईने तिच्याकडे बघितलं, दमलेली माणसं बघतात तसं.

"तेच तर केव्हाची सांगतेय," ती म्हणाली. "चला, पुढे सरका."