फेस्टीचं फावडं

दलदलीतले चर बुजवायला फळ्या हव्यात म्हणून तिघं पोरं डिनी कॉनरॉयच्या दुकानात आली, तेव्हा बाहेर काळोख पडला होता. फळ्या बांधून झाल्या. जाता जाता ऑर्लानं एक फावडं हातात घेऊन पाहिलं आणि भिंतीला उभं टेकवलं.

"आडवं ठेव, बाळ," डिनी म्हणाला.

"का हो डिनीकाका? उभ्याची किंमत जास्त असते?"

"तसं असतं तर सगळी छताला टांगली असती मी! बसा. चहा टाकतो. अल्टन हीवी माहीत आहे ना, वरच्या रस्त्यावरचा? त्याच्या बाबतीत घडलेलं आहे. त्यानं इथंच बसून मला सांगितलं. चहा न पिता."

पाच वर्षांपूर्वीचा सप्टेंबर. दुसरा मंगळवार, रात्रीचे सव्वानऊ. अल्टन बॅटरी आणि फावडं घेऊन घरून निघाला. काम साधंच होतं. उत्तरेकडच्या चरावर त्यानं घातलेला मातीचा बांध फुटला होता, तो पुन्हा घालायचा. हीवींच्या तीन पिढ्यांनी चर खणून ती दलदल कोरडी केली, तिची काळी माती विटांसारखी कापून, वाळवून चुलीत जाळली. आता त्याच घरचा अल्टन चर बुजवत होता. "आजोबांनी काढलेलं पाणी नातू परत भरतोय," असं गाव हसायचं. तोही हसायचा. पण त्या बांधाच्या वर, ओल्या शेवाळात, लांब पानांच्या दवबिंदू नावाच्या वनस्पतीची तेरा रोपं होती. पानांवर लाल चिकट थेंब. माशी बसली की संपली. साऱ्या परगण्यात तेवढीच उरली होती. महिनाभर पाऊस नव्हता. होतं ते पाणी रात्रीत वाहून गेलं असतं, तर रोपंही गेली असती.

अर्धा बांध झाला आणि फावड्याचा दांडा मोडला.

पाणी पायाशी खळखळत होतं. घरी जाऊन यायचं म्हणजे तासभर. आणि बारा पावलांवर फेस्टीचं फावडं उभं होतं.

फेस्टी म्हणजे अल्टनचा मामा. त्यांच्याच घरी राहायचा. त्या रात्रीच्या बेचाळीस वर्षं आधी, काळ्याभोर केसांचा तरणा फेस्टी संध्याकाळी माती कापायला गेला, तो आलाच नाही. फावडं तेवढं सापडलं, मातीत रोवलेलं. आमच्याकडची जुनी रीत अशी: फावडं उभं असेल तर माणूस कामावर आहे. घरी निघताना ते आडवं ठेवायचं. फेस्टीचं कोणी हलवलंच नाही.

"मामा, घटकाभर उसनं घेतो," अल्टन मोठ्यानं म्हणाला आणि ते उपटलं.

फेस्टी डावरा. त्याच्या फावड्याचं पातं डावीकडे वळलेलं. अल्टनला एकेक वीट कापायला तीन-तीन घाव घालावे लागले. पण बांध झाला. खळखळ थांबली. त्यानं बॅटरीच्या उजेडात रोपं मोजली. तेरा. कपाळ पुसलं आणि वळला.

रस्त्याला लागल्यावर त्याच्या लक्षात आलं.

हाताची सवय. काम संपलं, म्हणून त्यानं फावडं आडवं ठेवलं होतं.

तो थांबला. मागं जाऊन उभं करावं... तेवढ्यात मागं चिखलात पाय रुतल्याचा आवाज आला. मग पाय उपसल्याचा.

तो चालू लागला. मागचंही.

तो थांबला. मागचं थांबलं नाही.

मग तो पळाला. घरात शिरून कडी घातली, दिवा मालवला. आतल्या खोलीतून आईनं विचारलं. ती दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली.

"कोण आलं रे?"

"मीच, आई. झोप."

चुलीत निखारे होते. तो जिन्यात बसला. दहा मिनिटं गेली. वीस. काहीच नाही.

मग कडी...

तो बघू शकला नाही. डोळे मिटून घेतले. दलदलीचा वास आला, थंड, आंबूस. फरशीवर पाणी ठिबकत होतं. चुलीपर्यंत गेलं. थांबलं.

आईचा आवाज आला. झोपेतला. लाडातला.

"बूट बाहेर काढ रे, फेस्टी."

...

डिनीनं चहाचा घोट घेतला. ऑर्लानं हात लांब करून फावडं हळूच आडवं केलं.

"मग, काका?"

उजाडेपर्यंत अल्टन जिन्यातून हलला नाही. मग तो दलदलीवर धावला. बांध शाबूत होता, पाणी काठोकाठ. रोपं मात्र बारा. तेराव्याच्या जागी चौकोनी खड्डा, कडा सुरीनं कापल्यासारख्या. फावडं कुठंच नव्हतं.

घरी येऊन त्यानं चुलीकडे पाहिलं. माती कापणारा माणूस रिकाम्या हातानं घरी येत नाही.

चुलीशेजारी, वाळायला उभी करतात तशी, एक ओली वीट ठेवलेली होती. एकाच घावात कापलेली. वरच्या शेवाळात तेरावं रोप होतं, आणि त्याच्या लाल थेंबांना एक पांढरा केस चिकटलेला होता.