आप्पांच्या शेवटच्या विटा

त्या रविवारी सकाळी आप्पा नळाखाली काचेची एक बरणी घासत बसले होते. लोणच्याची असेल असं समजून त्यांच्या लेकीने, शर्वरीने, लक्ष दिलं नाही. ती शेडमध्ये विटांवरून उगममापी फिरवत होती. टॉर्चएवढं ते यंत्र मातीतल्या मूलद्रव्यांची ठेवण वाचून ती कुठल्या खोऱ्यातली, ते सांगे. सरकारी पैशाने बांधायच्या इमारतींना देशात घडलेलाच माल लागेल असा कायदा झाल्यापासून त्याच्या हिरव्या दिव्याला फार मान आला होता. आप्पांच्या विटा तालुक्याच्या नव्या रुग्णालयासाठी जायच्या होत्या.

या विटांना भट्टी लागत नसे. गाऱ्यात जिवाणूंचं विरजण घालून तो साच्यात भरायचा. जिवाणू चुना धरत आणि वीट आपसूक कडक होई. पुढे भिंतीला तडा गेलाच, तर पाणी मारल्यावर तो भरून येई.

"मला लाव की ते," आप्पा हात पुसत म्हणाले. "बघू, सरकारला मी चालतो का."

तिने यंत्र त्यांच्या मनगटाच्या हाडावर टेकवलं. हिरवा दिवा. उगम, कोयनाकाठ.

"आता तुझं."

तिच्या मनगटावर दिवा पिवळा झाला. जर्मनीत नेकर नदीच्या काठी काढलेली आठ वर्षं तिच्या हाडांत मुरली होती.

"भेसळ निघाली," आप्पा हसले. "सरकारी कामाला चालायची नाहीस तू." मग जरा थांबून म्हणाले, "माझ्यापायी सगळं सोडून आलीस."

हे ते अधूनमधून म्हणत. ती नेहमीसारखी चहा टाकायला उठली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आप्पा उठलेच नाहीत.

दिवसकार्य आटोपल्यावर तिने आप्पांनी त्या रविवारी थापलेल्या विटा तपासायला घेतल्या. दिवा पिवळा. दुसरी वीट, तीही पिवळी. कोयनाकाठ, अंशतः नेकरकाठ. यंत्र बिघडलं असं तिला वाटलं.

"त्यात तुझी माती हाय," आप्पांच्या जोडीने विटा थापणाऱ्या त्यांच्या भावजय इंदूकाकू म्हणाल्या. "तू तिकडनं बरणीत आणलीस ती. लेक माघारी आली की तिच्या पायाची माती गाऱ्यात घालायची, ही आपल्या घरातली पद्धत. सासूबाई मडक्याच्या गाऱ्यात घालायच्या. भाऊजी म्हणायचे, मडकं फुटतंय, एखादी टिकायजोगी भिंत होऊ दे तिच्या मातीची."

शर्वरीला नळाखालची बरणी आठवली.

"ह्या बाजूला ठिवू," काकू म्हणाल्या. "बाकीचा माल जाईल बिनघोर."

ते सोपं होतं. पिवळी वीट दाखवली तर सगळाच माल परत यायची भीती होती. पण बाजूला ठेवली, तर आप्पांना हवी होती ती भिंत उभी राहिलीच नसती.

तपासनीस नदाफसाहेब आले तेव्हा तिने पहिली तीच थप्पी त्यांच्यापुढे केली.

"बाहेरची माती कुणी आणली?"

"मी. वडिलांनी मिसळली." तिने पद्धत सांगितली.

नदाफसाहेबांनी दोन विटा एकमेकींवर वाजवून पाहिल्या. "माझ्या लेकी येताना धुण्याचे कपडे आणतात," ते म्हणाले. "हे बघा, यंत्र माती कुठली ते सांगतं. कायदा विचारतो, माल घडला कुठे. बाहेरचा थोडा अंश चालतो, पण सांगावा लागतो. तुम्ही सांगितलात. वीट घडली कुठे?"

"इथेच. या शेडमध्ये."

"मग गाडी बोलवा."

प्रसूतिकक्षाची भिंत त्या विटांची झाली. जेवणाच्या सुट्टीत गवंडी पांगले, तेव्हा शर्वरी एकटीच तिथे गेली. कोपऱ्यात केसाएवढा तडा होता. तिने ओंजळभर पाणी मारलं आणि ओल्या विटांवर तळवा टेकवला. वीट गार होती. आतले जिवाणू आता कामाला लागले असतील.

"आप्पा," ती मोठ्याने म्हणाली, "मी तुमच्यापायी आले नव्हते. मला इथेच राहायचं होतं. तुम्ही नको म्हणाला असतात, तरी आले असते."

मग तिने पिशवीतून उगममापी काढून मनगटावर टेकवली. दिवा पिवळाच लागला. तिला हसू आलं.

"चालेन ना मी आता?"